अधिवेशनाच्या दोन महिने आधी : आपला प्रश्न आमदारांमार्फत सभागृहात कसा न्यावा

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र आले, खोली तयार झाली, वीजजोडणीही मिळाली. पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद रिक्त असल्यामुळे यंत्रावरचे प्लॅस्टिकचे आवरण कित्येक महिने तसेच राहिले. हात मोडलेल्या मुलाला घेऊन आलेल्या बापाच्या हातात खासगी केंद्राची चिठ्ठी पडत असे. आम्ही काही जणांनी निवेदन लिहिले, दोनशे सह्या गोळा केल्या आणि हिवाळी अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी नागपूर गाठून ते आमदारांच्या हातात दिले. त्यांनी ते उभ्या उभ्याच, पण शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, “हे मला दिवाळीच्या आधी मिळायला हवे होते.”

तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते त्या प्रश्नांची मुदत तेव्हा कधीच संपलेली होती. आमचा प्रश्न खरा होता, आमदारांची तयारी होती, तरीही तो सभागृहात पोहोचला नाही, कारण तो वेळेवर आणि सभागृहाला चालेल अशा रूपात गेला नव्हता. पुढच्या अधिवेशनात तो गेला. त्या दोन प्रयत्नांमधल्या काळात आणि नंतर इतरांची निवेदने लिहून देताना जे शिकायला मिळाले, ते येथे क्रमाने मांडतो. नव्या अधिवेशनात आपले आमदार कशाला प्राधान्य देतील हे पुष्कळदा अधिवेशनाच्या आधीच्या आठ आठवड्यांत ठरते, आणि त्या आठ आठवड्यांत नागरिकाला हात घालता येतो, एवढेच माझे सांगणे आहे.

पहिली पायरी : कोणते अधिवेशन आहे ते पाहणे

महाराष्ट्र विधानमंडळाची वर्षात साधारणपणे तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी मुंबईत सुरू होते, पावसाळी अधिवेशन जून-जुलैच्या सुमारास मुंबईत होते आणि हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून डिसेंबरमध्ये नागपूरला भरते. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १७४ सांगतो.

या तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे आणि लांबीही. २०२५ चे अर्थसंकल्पी अधिवेशन ३ ते २६ मार्च असे चालले, पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै असे तीन आठवड्यांचे होते, तर त्याच वर्षीचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर असे जेमतेम एका आठवड्यात आटोपले. विधानसभेचे सदस्य २८८ आहेत. आठवड्याभराच्या कामकाजात त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येत असतील याचा हिशेब केला, की एका आमदाराकडे एकाच वेळी पंधरा मागण्या घेऊन जाण्यात अर्थ नाही हे लक्षात येते. एका अधिवेशनासाठी एकच मागणी निवडावी, आणि ज्या अधिवेशनात ती शोभेल त्यातच ती द्यावी. रस्ता, पूल, इमारत यांसारख्या नव्या खर्चाची मागणी अर्थसंकल्पाच्या तयारीत जायला हवी. शाळा उघडताना शिक्षक नसणे, पेरणीच्या वेळी बियाणे न उगवणे किंवा पुराने वस्ती तुटणे हे विषय पावसाळी अधिवेशनात ताजे असतात.

दुसरी पायरी : आमदारांचा प्राधान्यक्रम समजून घेणे

बहुतेक निवेदने ही पायरी गाळतात. आमदारांचे प्राधान्यक्रम जाहीरनाम्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या सभागृहातील कामात शोधावेत. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या, दिवसाच्या कामकाजाचा क्रम, विधेयके आणि कामकाजाचा वृत्तान्त उपलब्ध असतो. आपल्या आमदारांनी मागच्या दोन अधिवेशनांत कोणत्या खात्यांना प्रश्न विचारले, अर्थसंकल्पावर किंवा राज्यपालांच्या अभिभाषणावर बोलताना कोणता विषय लावून धरला, ते कोणत्या समितीवर आहेत, हे एका संध्याकाळी पाहून होते. त्यांनी सिंचनाचा विषय सातत्याने मांडला असेल, तर आपल्या गावाच्या बंधाऱ्याची गळती त्यांच्या आधीच्या बोलण्याला जोडून देता येते. “मागच्या अधिवेशनात आपण तालुक्यातील अपूर्ण बंधाऱ्यांचा मुद्दा मांडला होता, त्यातील हा एक” अशी सुरुवात असलेले पत्र वेगळ्या नजरेने वाचले जाते, आणि हे मी अनुभवाने सांगतो.

येथे एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी. आपले आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण मंत्र्याचे काम उत्तर देण्याचे असते. विधानसभेचे अध्यक्षही प्रश्न विचारत नाहीत. अशा मतदारसंघातील माणसांना वाटते की आपला माणूस मंत्री असल्यामुळे आपला प्रश्न आपोआप सुटेल. ते काही वेळा खरेही ठरते, पण सभागृहातील नोंद हवी असेल तर दुसरा सदस्य शोधावा लागतो. त्यासाठी विधान परिषद आहे. परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रश्नासाठी आपल्या विभागाचे शिक्षक किंवा पदवीधर आमदार हे उत्तम ठिकाण आहे, कारण तो त्यांचा रोजचा विषय असतो.

सत्ताधारी पक्षाचे आमदार सरकारला प्रश्न विचारणार नाहीत हा समजही चुकीचा आहे. ते विचारतात, नेहमी विचारतात, आणि मंत्र्यांकडून त्यांना आश्वासनही पुष्कळदा लवकर मिळते.

तिसरी पायरी : प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे हे ठरवणे

रेल्वेचा थांबा, टपाल कार्यालय, पासपोर्ट हे केंद्राचे विषय आहेत आणि त्यांसाठी खासदारांकडे जावे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय आहेत. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे त्यावर राज्यातही बोलता येते. न्यायालयात प्रलंबित असलेल्या बाबीवर सभागृहात सहसा प्रश्न स्वीकारला जात नाही, म्हणून कोणी दावा दाखल केला आहे का याची चौकशी आधी करावी.

राज्याचा विषय असला तरी खाते अचूक हवे. आमच्या पहिल्या निवेदनात आम्ही जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दोष दिला होता. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांच्याकडे असते हे खरे, पण ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येते. दोन्ही दवाखाने एकाच रस्त्यावर आणि दोघांनाही लोक ‘सरकारी दवाखाना’च म्हणतात. त्या एका चुकीमुळे आमचा कागद जिल्हा परिषदेतून “सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही” असा शेरा घेऊन परत आला आणि त्यात महिना गेला. रस्त्याचेही तसेच असते. राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्यमार्ग, जिल्हा परिषदेचा ग्रामीण रस्ता आणि नगरपालिकेची गल्ली यांचे मालक वेगळे असतात. रस्त्याचा क्रमांक मिळवला की मालक कळतो.

चौथी पायरी : कागद जमवणे

आमदारांकडे भावना पुरेशा पोहोचलेल्या असतात, त्यांना कागद हवा असतो. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, काम मंजूर केव्हा झाले, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक काय, कार्यारंभ आदेश निघाला का, खर्च किती झाला, ही माहिती माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येते आणि कायद्याने ती ३० दिवसांत द्यावी लागते. येथेच दोन महिन्यांचा हिशेब जुळतो. आज अर्ज केला तर महिन्याने उत्तर येईल आणि त्यानंतरही मसुद्याला थोडे दिवस उरतील. अर्जात ‘का’ विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणमीमांसा करून द्यायला बांधील नसतो. कागदाचे नाव घेऊन कागदाची प्रत मागावी.

आम्ही रुग्णालयाला तीनच गोष्टी विचारल्या : यंत्र स्थापित केल्याचा दिनांक, तंत्रज्ञाचे पद रिक्त झाल्याचा दिनांक आणि त्या पदाबाबत वरिष्ठ कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. आलेल्या प्रतींमध्ये वैद्यकीय अधीक्षकांनीच वर पाठवलेली चार स्मरणपत्रे होती. म्हणजे रुग्णालयातील माणसे आमच्याइतकीच त्रस्त होती आणि फाइल वरच्या टेबलावर थांबली होती. त्या चार पत्रांच्या तारखांनी आमच्या निवेदनाला जे वजन दिले, ते दोनशे सह्यांनी दिले नव्हते.

गावाचा प्रश्न असेल तर ग्रामसभेचा ठराव जरूर जोडावा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांतील ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीकडून मिळते. सह्यांचे कागद नंतर वाढवता येतात, पण ठरावाला क्रमांक आणि दिनांक असतो आणि तो गावाच्या वतीने बोलतो.

पाचवी पायरी : संसदीय आयुध निवडणे

आमदार सभागृहात ज्या मार्गांनी विषय मांडतात त्यांना विधानभवनात संसदीय आयुधे म्हणतात. नागरिकाने ती सगळी पाठ करण्याची गरज नाही, पण “साहेब, आमचा प्रश्न मांडा” एवढेच म्हणण्याऐवजी कोणत्या आयुधाने मांडावा हे सुचवता आले तर काम निम्मे होते.

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतील थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात, मात्र उरलेल्यांची लेखी उत्तरेही यादीत छापली जातात. म्हणून प्रश्न पुकारला गेला नाही तरी उत्तर हाती येते, आणि सरकारचे लेखी उत्तर हा पुढच्या लढाईतला सर्वांत उपयोगी कागद असतो. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असेल तर तोच बरा. या प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात, आणि आम्ही नेमके येथेच चुकलो होतो.

विधानसभेच्या नियम १०५ अन्वये दिली जाणारी लक्षवेधी सूचना ही तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या आणि अलीकडच्या बाबीसाठी असते. धरणातून अचानक पाणी सोडल्याने पिके वाहून गेली, वसतिगृहात विषबाधा झाली, कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरी बाधित झाल्या, असे विषय लक्षवेधीचे आहेत. दहा वर्षे रखडलेला रस्ता लक्षवेधीत बसवायचा असेल तर त्यात अलीकडे घडलेले काहीतरी दाखवावे लागते. मोठ्या धोरणात्मक चर्चेसाठी विधानसभेत नियम २९३ आणि विधान परिषदेत नियम २६० अन्वये प्रस्ताव येतात. आपला स्थानिक विषय त्या चर्चेत दोन वाक्यांत का होईना बसावा, यासाठी एका पानाचे टिपण आमदारांना आधी देऊन ठेवावे. औचित्याच्या मुद्द्याद्वारे स्थानिक विषय थोडक्यात मांडता येतो आणि अधिवेशन सुरू झाल्यावर उशिरा पोहोचलेल्यांना बहुधा हाच रस्ता उरतो.

अर्धा तास चर्चा फारशी वापरली जात नाही, पण मंत्र्यांचे उत्तर अपुरे वाटल्यास ती मागता येते.

सहावी पायरी : मसुदा लिहून देणे

या पायरीवर थोडे थांबतो, कारण येथे केलेले श्रम सर्वांत जास्त फळतात. आमचे पहिले निवेदन दीड पानाचे होते. त्यात आरोग्य हा मूलभूत हक्क असल्याची दोन परिच्छेद आठवण होती, प्रशासनाच्या अनास्थेचा निषेध होता आणि यंत्राचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत होता. आमदारांच्या स्वीय सहायकाला त्यातून प्रश्न तयार करायचा म्हटले तरी करता आला नसता, कारण त्यात एकही दिनांक नव्हता.

दुसऱ्या वेळी आम्ही सभागृहाच्या प्रश्नांची छापील यादी समोर ठेवली आणि तिच्याच भाषेत लिहिले. विधानमंडळातील प्रश्नाला ठरलेला साचा असतो. त्यात तालुका आणि जिल्ह्याचे नाव घालून तो साधारण असा झाला :

(१) येथील ग्रामीण रुग्णालयात बसविण्यात आलेले क्ष-किरण यंत्र तंत्रज्ञाचे पद रिक्त असल्यामुळे बंद असल्याचे माहे जून मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, उक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे व ते भरण्याबाबत वैद्यकीय अधीक्षकांनी वरिष्ठ कार्यालयास किती वेळा कळविले;
(३) असल्यास, त्यानुषंगाने सदर पद भरण्याबाबत वा पर्यायी व्यवस्था करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिला भाग वस्तुस्थिती कबूल करायला लावतो, दुसरा तारखा मागतो, तिसरा कृती विचारतो आणि चौथा पळवाट बंद करतो. पहिल्या भागातील विधान शंभर टक्के खरे असले पाहिजे. त्यात एक जरी शब्द जास्तीचा पडला, समजा ‘वर्षभर बंद’ असे लिहिले आणि मध्ये प्रतिनियुक्तीवर आलेल्या तंत्रज्ञाने आठ दिवस ते चालवलेले असले, तर उत्तर “हे खरे नाही” असे येते आणि पुढचे सगळे भाग “प्रश्न उद्भवत नाही” या तीन शब्दांत संपतात. मी अशी वाया गेलेली उत्तरे पाहिली आहेत. एका विशेषणापायी सहा महिन्यांचे कष्ट जातात, म्हणून विशेषणे काढावीत. कोणा अधिकाऱ्याचे नाव घेऊन आरोपही करू नये, पदनाम पुरते.

लक्षवेधीचा मसुदा वेगळा असतो. ती एकच लांब वाक्य असते : काय घडले, कोठे, केव्हा, किती लोकांवर परिणाम झाला, प्रशासनाने काय केले नाही, आणि शेवटी “यामुळे जनतेमध्ये पसरलेले असंतोषाचे वातावरण, याबाबत शासनाने तातडीने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया.” ही भाषा आपल्याला जड वाटते, पण विधानमंडळ सचिवालयाच्या ती ओळखीची असते.

सातवी पायरी : भेट

मसुदा घेऊन तिघांनी जावे, तीसजणांनी नाही. मतदारसंघातील जनसंपर्क कार्यालयात भेटीचा वार ठरलेला असतो. तेथे आधी स्वीय सहायकांना भेटावे, कारण प्रश्नांच्या सूचना संगणकावर भरण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडेच असते. त्यांना मसुद्याची टंकलिखित प्रत द्यावी आणि तीच मोबाइलवरही पाठवावी, म्हणजे पुन्हा टंकण्याचा त्रास वाचतो. पहिले पान मागणीचे, दुसरे मसुद्याचे आणि मागे पुराव्याच्या प्रती, असा क्रम ठेवावा. एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच मागणे हा अविश्वास नाही, ती कार्यालयाची रीत आहे.

“निवेदन ठेवून जा, साहेबांना दाखवतो,” असे उत्तर मिळाले तर नम्रपणे विचारावे की या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न स्वीकारण्याची शेवटची तारीख कोणती आहे. या एका प्रश्नाने समोरच्याला कळते की आलेल्या माणसांना कामकाज ठाऊक आहे. माझ्या अनुभवात त्यानंतर खुर्ची पुढे केली जाते.

आमदार महिला असोत वा पुरुष, आपल्या पक्षाचे असोत वा नसोत, मतदार म्हणून आपला हक्क सारखाच आहे. मागच्या निवडणुकीत कोणाचे काम केले होते हा विषय त्या खोलीत आपण काढू नये आणि कोणी काढला तर मागणीकडे परत यावे.

अर्थसंकल्पाचे काम असेल तर

नव्या खर्चाच्या कामात प्रश्न विचारून भागत नाही, पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली येणार हे पाहावे लागते. लहान कामांना आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी असतो, त्यातून होणारी कामे आमदार सुचवतात आणि मंजुरी जिल्हा पातळीवर मिळते. त्याहून मोठी कामे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीकडे जातात. पूल, राज्यमार्ग किंवा रुग्णालयाची इमारत ही संबंधित खात्याच्या अर्थसंकल्पातच यावी लागते, आणि त्यासाठी खात्याकडे अंदाजपत्रकासह प्रस्ताव गेलेला असणे आवश्यक असते. आमदारांचे पत्र असूनही काम अडते, ते बहुधा हा प्रस्ताव कनिष्ठ अभियंत्याच्या पातळीवरच राहिल्यामुळे. म्हणून आमदारांना भेटण्याआधी उपविभागीय कार्यालयात जाऊन प्रस्ताव कोठे आहे याची माहिती घ्यावी.

मार्च हुकला तरी वर्ष गेले असे समजू नये. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाच्या मागण्या येतात. शिवाय अनुदानाच्या मागण्यांवर आमदारांना कपात सूचना देता येतात. शंभर रुपयांच्या लाक्षणिक कपातीच्या सूचनेचा हेतू पैसे कमी करण्याचा नसतो, त्या खात्याविषयीची विशिष्ट तक्रार चर्चेत आणण्याचा असतो. स्थानिक गाऱ्हाण्यासाठी हे चांगले आयुध आहे आणि ते आमदारांकडे मागणारे नागरिक मला फार कमी भेटले आहेत.

कायदाच बदलायचा असेल तर

येथे धीर लागतो. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेत मंजूर होऊनही विधान परिषदेत अडकले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेश आणि मग त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा झाला. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ही कल्पना मांडली तेव्हा पागे विधान परिषदेचे सभापती होते. एका विधिमंडळ सदस्याचा प्राधान्यक्रम लोकांच्या प्रश्नाशी इतक्या वर्षांपर्यंत घट्ट राहिला तर काय होऊ शकते, हे त्या कायद्याइतके दुसऱ्या कशातून मला दिसत नाही.

सामान्य नागरिकाला मात्र सर्वांत जवळचे दार म्हणजे समिती. एखादे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाते तेव्हा ती लोकांच्या सूचना मागवू शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये अशा समितीकडे गेले, तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले आणि ते जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. बदल पुरेसे होते की नव्हते यावर तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. मात्र समितीला सूचना पाठवताना ‘विधेयक मागे घ्या’ किंवा ‘विधेयकाला पाठिंबा’ एवढेच लिहिणे अपुरे असते. कलमाचा क्रमांक, त्यातील शब्द, त्यामुळे होणारी अडचण आणि त्या जागी सुचवलेला शब्द असे चार भाग असतील तर ती सूचना बाजूला सारणे अवघड जाते.

यांखेरीज विनंती अर्ज समिती आहे. सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहाला सादर होणारा विनंती अर्ज तिच्याकडे जातो. आश्वासन समिती, पंचायत राज समिती, अनुसूचित जाती व जमाती कल्याण समित्या आणि महिलांच्या हक्कांसाठीची समिती वर्षभर काम करतात, जिल्ह्यांना भेटी देतात आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. समिती जिल्ह्यात येणार असल्याची बातमी वाचली की त्याच दिवशी निवेदन तयार करावे.

अधिवेशन सुरू झाल्यावर

आदल्या दिवशी कामकाजाचा क्रम पाहावा. आपला प्रश्न किंवा लक्षवेधी त्यात असेल, तर त्याच संध्याकाळी आमदारांच्या कार्यालयाला दोन-तीन उपप्रश्न आणि ताजी परिस्थिती कळवावी. पद कालच भरले गेले असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगावे, कारण सभागृहात आमदार तोंडघशी पडले तर ते पुन्हा आपला कागद हातात घेणार नाहीत. कामकाज थेट प्रक्षेपणात पाहता येते. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर प्रेक्षक सज्जाची प्रवेशपत्रिका आमदारांमार्फत मिळते.

मोर्चा काढायचा असेल तर नागपुरात यशवंत स्टेडियम आणि टेकडी रोड, मुंबईत आझाद मैदान ही ठरलेली ठिकाणे आहेत आणि पोलिसांची परवानगी आधी लागते. मोर्चातून शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटते तेव्हा आत जाणाऱ्या पाचजणांकडे लेखी मागणी असावी आणि बाहेर येताना काय ठरले ते त्याच दिवशी लिहून काढावे.

उत्तरानंतर

आमच्या प्रश्नाचे उत्तर “हे अंशतः खरे आहे” असे आले आणि पुढे “पद भरण्याची कार्यवाही सुरू असून तोपर्यंत आठवड्यातील तीन दिवस पर्यायी तंत्रज्ञ उपलब्ध करून देण्यात येत आहे” अशा अर्थाचे लेखी आश्वासन होते. गावात पेढे वाटले गेले. मला मात्र त्या दिवशी खरे काम सुरू झाल्यासारखे वाटले, कारण ‘कार्यवाही सुरू आहे’ हे शब्द वर्षानुवर्षे तसेच राहू शकतात.

उत्तराची छापील प्रत घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो आणि ते तीन दिवस कोणते, हे दर्शनी भागात लावण्याची विनंती केली. फलक लागला. दर सोमवारी आमच्यातील एकजण यंत्र चालू आहे का ते पाहून वहीत लिहीत असे. तीन महिन्यांनी आमदारांना वहीतल्या नोंदींसह पत्र दिले आणि सभागृहातील आश्वासन पूर्ण न झाल्याची बाब आश्वासन समितीकडे नेण्याची विनंती केली. त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्णवेळ तंत्रज्ञ रुजू झाला. समितीमुळे झाला की नियमित बदल्यांमध्ये झाला हे सांगता येणार नाही, पण यंत्रावरचे प्लॅस्टिक निघाले.

त्याच आठवड्यात आम्ही आमदारांना आभाराचे पत्र दिले आणि त्यात पुढची मागणी घातली नाही. हेही पाळावे. आभाराचे पत्र वेगळे असावे आणि पुढची मागणी पुढच्या अधिवेशनासाठी राखावी. प्रत्येक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पुढील अधिवेशनाची तारीख सभागृहात जाहीर केली जाते. ती ऐकावी, दिनदर्शिकेवर तिच्याभोवती वर्तुळ करावे आणि तेथून आठ आठवडे मागे मोजून दुसरे वर्तुळ करावे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत सध्या तशी दोन वर्तुळे आहेत, आणि आठ आठवडे आधीच्या वर्तुळाशेजारी लिहिले आहे : रुग्णवाहिका चालक, माहिती अर्ज.